ॲपल सायडर व्हिनेगर पिताना, केसांना आणि त्वचेला वापरताना : प्रमाण, पद्धत आणि मर्यादा

ॲपल सायडर व्हिनेगरच्या बाटलीवरील सर्वांत उपयोगाची माहिती बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि ती म्हणजे ‘आम्लता ५ टक्के’. वजन, रक्तातील साखर, केसांची चमक, त्वचेचा पोत अशा अनेक गोष्टींसाठी हे व्हिनेगर सुचवले जाते. त्यांपैकी जिथे त्याचा खरोखर उपयोग होतो, तिथे तो मुख्यतः त्यातील ॲसेटिक आम्लामुळे होतो. आणि दात झिजणे, घसा पोळणे किंवा त्वचा भाजणे असे जे अपाय होतात, तेही त्याच आम्लामुळे होतात. म्हणून ‘ते कशावर चालते’ हे विचारण्याआधी ‘किती, कशात मिसळून आणि किती वेळ’ हे ठरवणे आवश्यक आहे. पुढील माहिती त्याच दृष्टीने दिली आहे. जिथे उपयोग सिद्ध झालेला नाही किंवा फायद्यापेक्षा धोका मोठा आहे, तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

बाटली निवडताना

हे व्हिनेगर दोन टप्प्यांत तयार होते. आधी यीस्ट सफरचंदाच्या रसातील साखर आंबवून तिचे मद्यार्कात रूपांतर करते. त्यानंतर हवेच्या संपर्कात ॲसिटोबॅक्टरसारखे जीवाणू त्या मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करतात. या बदलामागे सजीव सूक्ष्मजंतू आहेत, हे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिले. न गाळलेल्या व्हिनेगरच्या तळाशी जो गढूळ, तंतुमय गाळ दिसतो आणि ज्याला ‘मदर’ म्हणतात, तो मुख्यतः याच जीवाणूंचा आणि त्यांनी तयार केलेल्या सेल्युलोजचा असतो. मदर असलेले व्हिनेगर घ्यायला हरकत नाही, मात्र केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही, कारण माणसांवरील अभ्यासांत जो काही परिणाम दिसला आहे त्याचा संबंध प्रामुख्याने ॲसेटिक आम्लाशी लागतो.

व्हिनेगर म्हणजे पोषणद्रव्यांचा खजिना, हा समजही सोडून द्यावा. एका मोठ्या चमच्यात सुमारे ३ कॅलरी आणि सुमारे ११ मिलिग्रॅम पोटॅशियम असते. प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण २,६०० ते ३,४०० मिलिग्रॅम पोटॅशियम लागते, हे लक्षात घेतले तर हा वाटा किती नगण्य आहे ते कळते.

विकत घेताना लेबलवर तीन गोष्टी तपासाव्यात. ते सफरचंदाच्या रसापासून आंबवून केलेले आहे का, की पाण्यात ॲसेटिक आम्ल आणि रंग मिसळून तयार केलेले ‘सिंथेटिक’ व्हिनेगर आहे, हे आधी पाहावे. त्यानंतर आम्लतेची टक्केवारी स्पष्ट दिली आहे का, हे पाहावे. शेवटी साखर, मध किंवा स्वाद घातलेला आहे का, हे वाचावे. केसांना किंवा त्वचेला लावायचे असल्यास असे गोड मिश्रण अजिबात नको. घरी तयार केलेले व्हिनेगर स्वयंपाकात चवीपुरते वापरता येईल, मात्र शरीरावर लावण्यासाठी ते वापरू नये, कारण त्याची तीव्रता किती हे आपल्याला ठाऊक नसते. पीएच (आम्लधर्म मोजणारा आकडा; तो जितका कमी तितके द्रावण अधिक आम्लधर्मी) दाखवणाऱ्या पट्टीवरूनही ती टक्केवारी कळत नाही.

पातळ करण्याचे गणित

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेक अपाय या टप्प्यावरच्या निष्काळजीपणातून होतात. ‘दोन झाकणे घाला’ किंवा ‘थोडेसे घाला’ अशा मापांवर विसंबू नये. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर असे माप सांगितले जाते खरे, परंतु घरातले चमचे त्या मापाचे असतातच असे नाही. खोकल्याच्या औषधासोबत येणारे मिलिलिटरच्या खुणांचे झाकण स्वच्छ धुऊन वापरले, तर हा प्रश्न सुटतो.

५ टक्के आम्लतेचे १५ मिलिलिटर व्हिनेगर २५० मिलिलिटर पाण्यात घातले की त्या मिश्रणात ॲसेटिक आम्लाचे प्रमाण सुमारे ०.२८ टक्के होते. ३० मिलिलिटर घातले तर ते सुमारे अर्ध्या टक्क्यावर जाते. एक भाग व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी हे अर्ध्या टक्क्याचे सोपे सूत्र आहे. लेखात पुढे जी प्रमाणे येतील ती ५ टक्के आम्लता गृहीत धरून दिली आहेत. बाटलीवर ६ टक्के लिहिलेले असेल, तर त्या हिशेबाने पाणी वाढवावे.

याच ठिकाणी एक बाब सहसा सांगितली जात नाही. व्हिनेगर पातळ केल्याने त्यातील आम्लाचे प्रमाण कमी होते, परंतु त्याचा पीएच त्या मानाने फारसा वाढत नाही. मूळ व्हिनेगरचा पीएच २.५ ते ३ च्या दरम्यान असतो, आणि एका पेलाभर पाण्यात मोठा चमचाभर व्हिनेगर मिसळल्यावरही तो ३ च्या आसपासच राहतो. दातांवरचे एनॅमल साधारण ५.५ पेक्षा कमी पीएचला विरघळू लागते. म्हणजेच पाण्यात मिसळल्यामुळे घसा आणि जठर यांना मोठा दिलासा मिळतो, मात्र दातांची काळजी वेगळी घ्यावीच लागते.

पिण्यासाठी : कशासाठी आणि कसे

पिण्याच्या बाबतीत सर्वांत भक्कम आधार जेवणानंतर वाढणाऱ्या रक्तातील साखरेबाबत आहे. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतील कॅरल जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना २० ग्रॅम ॲपल सायडर व्हिनेगर ४० ग्रॅम पाण्यातून दिले आणि त्यानंतर पाव, लोणी आणि संत्र्याचा रस असे पिष्टमय आणि गोड पदार्थांचे जेवण दिले. ज्यांच्या शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद मंदावलेला होता, त्यांच्यात जेवणानंतरचा तो प्रतिसाद सुधारलेला आढळला. यामागची कारणेही समजण्यासारखी आहेत : आम्लामुळे अन्न जठरातून पुढे सरकण्याचा वेग कमी होतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते. मात्र परिणाम मध्यम स्वरूपाचा असतो आणि तो त्या जेवणापुरता असतो. मधुमेहाच्या औषधाची जागा व्हिनेगर घेऊ शकत नाही, आणि ते सुरू केले म्हणून कोणतेही औषध स्वतःहून कमी करू नये.

याच कारणामुळे ‘सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी’ या लोकप्रिय सल्ल्याला माझा विरोध आहे. जो परिणाम हवा आहे तो जेवणातील पिष्टमय पदार्थांवर व्हायचा असतो; रिकाम्या पोटी घेतल्याने तो मिळत नाही, उलट मळमळ आणि जळजळ यांची शक्यता वाढते.

वजनाच्या बाबतीत अपेक्षा आटोक्यात ठेवाव्यात. जपानमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लठ्ठ व्यक्तींनी १२ आठवडे रोज १५ किंवा ३० मिलिलिटर व्हिनेगर पेयातून घेतले, आणि त्यांचे वजन साधारण १ ते २ किलोने कमी झाले. घेणे थांबवल्यावर चार आठवड्यांत ते पुन्हा पूर्वीच्या दिशेने गेले. यापेक्षा कितीतरी मोठी घट दाखवणारा लेबनॉनमधील एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सर्वत्र गाजला, परंतु त्यातील आकडेवारीवर गंभीर शंका उपस्थित झाल्याने संबंधित नियतकालिकाने २०२५ मध्ये तो मागे घेतला. त्या अभ्यासाच्या आधारे केलेली आश्वासने आजही फिरत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे. शरीरातील ‘विषारी द्रव्ये बाहेर काढण्यासाठी’ ते प्यावे, या दाव्याला तर काहीच आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करत असतात.

हे सर्व लक्षात घेऊनही प्यायचे असेल, तर पुढील पद्धत पाळावी. पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदाच, मुख्य जेवणासोबत, छोटा चमचाभर म्हणजे ५ मिलिलिटर व्हिनेगर २५० मिलिलिटर साध्या पाण्यात मिसळून घ्यावे. पोटात जळजळ, मळमळ किंवा ढेकरांतून आंबटपणा जाणवला नाही, तर दुसऱ्या आठवड्यात १० आणि तिसऱ्या आठवड्यात १५ मिलिलिटरपर्यंत जावे. बहुतेकांनी तिथेच थांबावे. दिवसभरात ३० मिलिलिटरपेक्षा जास्त, तेही दोन जेवणांत विभागून, कधीही घेऊ नये. पेय तोंडात घोळवू नये आणि घोट घोट करत तासभर पीत बसू नये; स्ट्रॉने, थोड्या वेळात संपवावे. पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास दात घासू नयेत, कारण आम्लाने मऊ झालेले एनॅमल ब्रशने अधिक झिजते. झोपण्याच्या तोंडावर ते टाळावे, कारण आडवे झाल्यावर आम्ल अन्ननलिकेत वर येण्याची शक्यता वाढते. पाण्यात न मिसळता चमचाभर व्हिनेगर थेट गिळणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे.

याहून चांगला मार्ग म्हणजे ते अन्नातच वापरणे, आणि मी नेहमी आधी हाच सुचवतो. एक भाग व्हिनेगर, तीन भाग तेल, थोडे मीठ आणि मिरपूड एका झाकणाच्या बरणीत घालून जोरात हलवले की सॅलडवर घालण्यासाठी घट्टसर, एकजीव मिश्रण तयार होते. तेलामुळे आंबटपणा बोचत नाही, आम्ल अन्नासोबत पोटात जाते, दातांशी त्याचा संपर्क कमी येतो आणि भाजीही आपोआप जास्त खाल्ली जाते.

प्रमाण ओलांडल्यास काय होते, याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. रोज सुमारे २५० मिलिलिटर ॲपल सायडर व्हिनेगर सहा वर्षे पिणाऱ्या एका २८ वर्षांच्या स्त्रीच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायकरीत्या घटले होते आणि तिची हाडे ठिसूळ झाली होती. ही नोंद १९९८ मधील आहे. वजन कमी करण्यासाठी रोज पेलाभर व्हिनेगर पिणाऱ्या १५ वर्षांच्या एका मुलीच्या दातांची झीज झाल्याची नोंद नेदरलँड्समधून २०१२ मध्ये आली.

कोणी पिऊ नये

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये. लघवी वाढवणारी औषधे घेणारे, हृदयासाठी डिगॉक्सिन घेणारे आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले यांच्यासाठी पोटॅशियमचे आणि आम्लाचे संतुलन हा नाजूक विषय असतो, त्यामुळे त्यांनीही तसेच करावे. जठरातील व्रण, सततचे आम्लपित्त किंवा गिळताना त्रास असेल तर ते टाळावे. मधुमेहामुळे ज्यांचे जठर आधीच मंद झाले आहे, त्यांच्यासाठी तर ते उलटे काम करते : स्वीडनमध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि मंद जठर असलेल्या रुग्णांचे जठर व्हिनेगरमुळे आणखी सावकाश रिकामे होऊ लागले. अशा व्यक्तीने इन्सुलिन घेतले आणि अन्न वेळेवर पुढे सरकले नाही, तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. गरोदरपणात पाश्चराइज न केलेले, मदर असलेले व्हिनेगर पिणे टाळलेले बरे.

केसांसाठी : सर्वांत समाधानकारक उपयोग

सौंदर्यासाठी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या उपयोगांत केस धुतल्यानंतरचे शेवटचे पाणी हा उपयोग मला सर्वांत पटण्यासारखा वाटतो, कारण त्यामागचे कारण सरळ आहे. केसाच्या बाहेरच्या थराला क्युटिकल म्हणतात आणि तो एकमेकांवर चढवलेल्या कौलांसारखा असतो. केसाचा स्वतःचा पीएच सुमारे ३.७ आणि टाळूचा सुमारे ५.५ असतो. साबण किंवा आम्लारीधर्मी शाम्पू वापरल्यावर क्युटिकलच्या कडा उचलल्या जातात, केस एकमेकांत अडकतात आणि निस्तेज दिसतात. सौम्य आम्लाने त्या कडा पुन्हा बसतात. पाणी जड असेल आणि केस साबणाने धुतले असतील, तर कॅल्शियम आणि साबण मिळून केसांवर जो चिकट, पांढरट थर बसतो, तोही आम्लाने सुटतो. मात्र आजचे अनेक शाम्पू आधीच सौम्य आम्लधर्मी असतात आणि कंडिशनरही तसाच असतो. ते वापरून केस चांगले राहत असतील तर व्हिनेगरने फार मोठा फरक पडेल अशी आशा ठेवू नये.

पद्धत अशी. केस धुण्याआधीच एका मगमध्ये ५०० मिलिलिटर कोमट पाणी घेऊन त्यात ३० मिलिलिटर व्हिनेगर मिसळून ठेवावे, म्हणजे ओल्या हातांनी अंदाजपंचे ओतण्याची वेळ येत नाही. मदर असलेले व्हिनेगर असेल तर ते आधी बारीक कापडातून गाळावे, नाहीतर त्याचे तंतू केसांत अडकतात. नेहमीप्रमाणे शाम्पू करून केस पूर्ण धुवावेत आणि हाताने पाणी निथळून काढावे. मग डोके मागे कलवून, डोळे घट्ट मिटून, मिश्रण कानांच्या खालच्या लांबीपासून टोकांकडे ओतावे. टाळूवर जखम, ओरखडा किंवा पुरळ असेल तर टाळूपर्यंत ते नेऊच नये. एक ते दोन मिनिटे थांबून साध्या पाण्याने केस नीट धुवावेत. नीट धुतलेल्या केसांवर बोटे फिरवली की साबणाचा बुळबुळीतपणा गेलेला आणि बोटे कमी अडखळत असल्याचे जाणवते. केस कोरडे असतील तर त्यानंतर टोकांना कंडिशनर लावावा. व्हिनेगरचा वास ओल्या केसांना येतो, परंतु ॲसेटिक आम्ल उडून जाणारे असल्याने केस वाळले की तो नाहीसा होतो.

आठवड्यातून एकदा हे पुरेसे आहे, आणि केस कोरडे, कुरळे किंवा रासायनिक प्रक्रिया केलेले असल्यास पंधरवड्यातून एकदा. रंगवलेल्या केसांवर आधी मागच्या बाजूच्या एका बटेवर प्रयोग करून रंग उतरतो का ते पाहावे. टाळू ताणल्यासारखी वाटू लागली, खाज वाढली किंवा केस राठ झाले, तर प्रमाण अर्धे करण्याऐवजी काही आठवडे थांबावे.

कोंड्यासाठी व्हिनेगर सर्रास सुचवले जाते. कोंड्यात मॅलॅसेझिया या यीस्टचा वाटा असतो आणि त्यावर केटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड असलेले शाम्पू परिणामकारक ठरलेले आहेत. व्हिनेगरबाबत तसा पुरावा नाही. केस वाढण्यासाठी किंवा गळणे थांबवण्यासाठीही ते वापरू नये. केस अचानक गळू लागले असतील तर त्याचे कारण शोधणे महत्त्वाचे असते, आणि घरगुती उपायांत गेलेले महिने परत येत नाहीत.

चेहरा आणि त्वचा

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग सौम्य आम्लधर्मी, म्हणजे साधारण ५ पीएचच्या आसपास असतो, आणि साबणाने तो बिघडला तरी निरोगी त्वचा काही तासांत तो स्वतःच सावरते. त्यामुळे चेहऱ्याला रोज व्हिनेगरचा टोनर लावण्याची गरज मला दिसत नाही. सौम्य क्लेन्झर वापरणे हा अधिक सुरक्षित उपाय आहे. तरीही तेलकट, निरोगी त्वचेवर वापरून पाहायचेच असेल, तर २५० मिलिलिटर पाण्यात ५ मिलिलिटर व्हिनेगर, म्हणजे सुमारे ०.१ टक्का, इतकेच प्रमाण ठेवावे. ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन मिनिटे लावून धुवावे आणि २४ तास वाट पाहावी. लाली, आग किंवा खाज आली नाही तरच चेहऱ्यावर, डोळे आणि ओठ यांपासून दूर, कापसाने दोन मिनिटे लावून धुवावे, मॉइश्चरायझर लावावा, आणि हे आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त करू नये. रेटिनॉइड, सॅलिसिलिक आम्ल, ग्लायकोलिक आम्ल किंवा बेंझॉइल परॉक्साइड वापरत असाल, तर व्हिनेगर त्यात मिळवू नये. दाढी किंवा वॅक्सिंग केलेल्या त्वचेवरही ते लावू नये.

पातळ व्हिनेगरनेही त्वचेला त्रास होऊ शकतो आणि इसबावर त्याचा उपयोग होत नाही, हे अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात दिसले. त्यात इसब असलेल्या आणि निरोगी अशा एकूण २२ व्यक्तींनी १४ दिवस रोज १० मिनिटे एक हात ०.५ टक्के ॲसेटिक आम्ल असलेल्या ॲपल सायडर व्हिनेगरच्या पाण्यात आणि दुसरा साध्या पाण्यात बुडवला. त्वचेच्या संरक्षक थरात सुधारणा झाली नाही, आणि १६ जणांच्या त्वचेला चुरचुर झाली. अर्धा टक्का हे प्रमाण ऐकायला किती किरकोळ वाटते, हे लक्षात घेतले म्हणजे त्वचेची नाजूकता कळते.

आणि तीळ, चामखीळ किंवा काळे डाग काढण्यासाठी पाण्यात न मिसळलेल्या व्हिनेगरचा बोळा पट्टीखाली बांधून ठेवण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो कोणीही, कधीही करू नये. १४ वर्षांच्या एका मुलीने नाकावरचे तीळ घालवण्यासाठी असे केले आणि तिथली त्वचा रासायनिक दाहाने सोलली गेली, अशी नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. याहून मोठा धोका असा की तिळाचे स्वरूप बदलत असेल तर तो त्वचेचा कर्करोग असू शकतो, आणि तो घरी जाळून टाकल्यास तपासणीसाठी काही उरत नाही. उन्हाने भाजलेल्या त्वचेवरही व्हिनेगर नको.

पायांना येणाऱ्या वासासाठी एक भाग व्हिनेगर आणि नऊ भाग कोमट पाणी अशा मिश्रणात आठवड्यातून एकदोनदा दहा मिनिटे पाय बुडवून, धुऊन, बोटांच्या मधली जागा कोरडी करावी. मधुमेहामुळे पायांना बधिरता असणाऱ्यांनी हे करू नये, कारण त्यांना आग जाणवतच नाही. नखांच्या बुरशीवर याचा भरवसा धरू नये. कानाच्या बाहेरील भागाच्या संसर्गावर डॉक्टर २ टक्के ॲसेटिक आम्लाचे थेंब देतात हे खरे आहे, मात्र ते मोजून तयार केलेले औषध असते आणि पडदा शाबूत आहे याची खात्री करून दिले जाते; बाटलीतले व्हिनेगर कानात घालू नये.

गोळ्या, साठवण आणि अपघात

वास आणि चव नको म्हणून गोळ्यांकडे वळणाऱ्यांनी सावध राहावे. घशात अडकलेल्या अशा एका गोळीने अन्ननलिकेला इजा झाल्याच्या घटनेनंतर अमेरिकेतील संशोधकांनी आठ उत्पादने तपासली, तेव्हा त्यांतील आम्लाचे प्रमाण १ टक्क्यापासून १० टक्क्यांहून अधिकपर्यंत वेगवेगळे निघाले; हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. गमी प्रकारांत साखर किती आहे, तेही वाचावे.

बाटली घट्ट झाकून, उजेडापासून दूर ठेवावी. ते सहसा खराब होत नाही आणि फ्रिजची गरज नसते. पाण्यात मिसळलेले द्रावण मात्र दर वेळी ताजे करावे. ते काचेत ठेवावे, ॲल्युमिनियम किंवा तांब्याच्या भांड्यात नव्हे. न्हाणीघरात ठेवत असाल तर ब्लीचपासून वेगळे ठेवावे, कारण दोन्ही मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. डोळ्यात उडाल्यास काँटॅक्ट लेन्स असेल तर ती लगेच काढावी, पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि दुखणे, लाली किंवा अंधूकपणा उरल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. त्वचा भाजल्यासारखी वाटली तर ती भरपूर पाण्याने धुवावी. आम्ल मारण्यासाठी म्हणून तिच्यावर खाण्याचा सोडा चोळू नये, कारण त्याने आधीच दुखावलेल्या त्वचेला आणखी त्रास होतो.